सणाच्या दिवशी काउंटरवर कोण?

अमेरिकेतल्या सणांबद्दल मराठीत लिहिलं-बोललं जातं तेव्हा सूर बहुतेक ठरलेला असतो. थँक्सगिव्हिंग म्हणजे टर्की आणि सेल, ख्रिसमस म्हणजे खोक्यांचा ढीग, मदर्स डे म्हणजे कार्डं छापणाऱ्यांची चंगळ. इथल्या सणांत जीव नाही, नुसता बाजार आहे, असं महिनाभरासाठी आलेले नातेवाईक परत जाताना सांगतात आणि इथे आयुष्य काढलेले आपले लोकही माना डोलावतात. (नातेवाइकांच्या हातातला फोन पुण्यातल्या दिवाळी सेलमधला असतो, ते जाऊ द्या.) मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते आहे आणि मला या तक्रारीत फारसा दम दिसत नाही. अमेरिकन सणांत बाजार बाहेरून घुसला असं म्हणायला आधी बाजाराविना असलेला सण दाखवावा लागेल. तो सापडत नाही. आणि बाजारामुळे सण खोटा ठरत असेल तर जाहिरातींच्या जिवावर निघणाऱ्या आपल्या दिवाळी अंकांनाही मग माफी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. या देशात सण सरकार जाहीर करतं, तारीख संसद ठरवते, मिरवणुका टीव्हीवर दिसतात. पण त्या दिवशी घरी बसण्याचा आणि बसल्याचा पगार घेण्याचा हक्क कायदा सगळ्यांना देत नाही. सण सर्वांचा आणि सुट्टी ज्याला परवडेल त्याची, अशी ही व्यवस्था आहे. ती बदलायला हवी, आणि बदलताना आपल्या महाराष्ट्राच्या एका कायद्याकडे बघायला हरकत नाही, असं मला वाटतं.

थँक्सगिव्हिंगपासूनच सुरुवात करू, कारण हा इथला खरा घरगुती सण. शाळेत शिकवतात ती गोष्ट १६२१ सालची. मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून आलेल्या १०२ जणांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांनी पुढच्या वर्षी पीक हाती आल्यावर तीन दिवस जेवणं केली आणि तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग जमातीचा प्रमुख मॅसासोइट नव्वद माणसं घेऊन त्यात सामील झाला. त्यांनी पाच हरणं आणली अशी त्या वेळच्या पत्रात नोंद आहे; टर्कीचा मात्र स्वच्छ उल्लेख नाही. या जेवणाला सणाचं मूळ मानायची पद्धत फार नंतरची. एकोणिसाव्या शतकात सारा जोसेफा हेल नावाच्या मासिकाच्या संपादिकेने राज्यपालांना, राष्ट्राध्यक्षांना वर्षानुवर्षं पत्रं लिहून एका राष्ट्रीय दिवसाचा पिच्छा पुरवला, आणि यादवी युद्ध ऐन भरात असताना, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. ज्यांच्या पूर्वजांनी ती हरणं आणली त्यांच्यातले काही जण १९७० पासून त्याच गुरुवारी प्लिमथच्या कोल्स हिलवर शोकदिन पाळतात. त्या वर्षी वाम्पानोआगांपैकी वाम्सुट्टा फ्रँक जेम्स यांना एका समारंभात भाषणासाठी बोलावलं होतं. भाषणाचा मसुदा आयोजकांना मानवला नाही, म्हणून ते टेकडीवर जाऊन बोलले. सणाच्या यजमानांत कोण आणि पाहुण्यांत कोण, हा वाद तेव्हापासून दरवर्षी त्याच ठिकाणी उभा राहतो.

बाजाराची गंमत १९३९ सालची आहे. त्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. शेवटचा गुरुवार ३० तारखेला, म्हणजे ख्रिसमसच्या खरेदीला उरले जेमतेम साडेतीन आठवडे. थँक्सगिव्हिंग उरकण्याआधी ख्रिसमसचा माल मांडणं त्या काळी अशिष्ट समजलं जाई, त्यामुळे मंदीने आधीच वाकलेल्या मोठ्या दुकानदारांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे गाऱ्हाणं घातलं. रूझवेल्टनी सण एक आठवडा अलीकडे, २३ तारखेला ओढला. जाहीर केलं ऑगस्टमध्ये, तोवर पुढची कॅलेंडरं छापून झाली होती, कॉलेजांचे फुटबॉल सामने ठरले होते. मग काय, देशात धुमाकूळ. साधारण निम्म्या राज्यांनी नवी तारीख घेतली, निम्म्यांनी जुनी धरून ठेवली, टेक्सससारख्या राज्याने दोन्ही गुरुवारी सुट्टी दिली. अटलांटिक सिटीच्या महापौरांनी नव्या तारखेला ‘फ्रँक्सगिव्हिंग’ असं नाव ठेवलं, आणि १९३६ ची निवडणूक हरलेले आल्फ लँडन यांनी थेट हिटलरचा दाखला दिला. दोन-तीन वर्षं हा घोळ चालला. विक्री काही म्हणण्यासारखी वाढली नाही हे रूझवेल्टनीच १९४१ मध्ये मान्य केलं, आणि त्या डिसेंबरात संसदेने कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायमचा ठरवला. आज आम्ही जी तारीख पाळतो ती अशी दुकानदारांच्या आग्रहातून आणि त्यावरच्या तडजोडीतून आलेली आहे. न्यू यॉर्कची प्रसिद्ध मिरवणूकही १९२४ साली मेसीज या दुकानाने सुरू केली. लोक तरीही भल्या पहाटे थंडीत कुडकुडत मुलांना खांद्यावर घेऊन ती बघायला जातात आणि त्यांचा आनंद काही उसना नसतो.

बाजाराशी समोरासमोर भांडून काय होतं ते ॲना जार्विस यांच्या आयुष्यात दिसतं. आईच्या स्मरणार्थ त्यांनी १९०८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये प्रार्थना ठेवली, १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी मदर्स डे जाहीर केला, आणि पुढचं आयुष्य बाईंनी फुलवाले, मिठाईवाले आणि कार्डवाले यांच्याशी झगडण्यात घालवलं. १९४८ मध्ये त्या एका आरोग्यधामात वारल्या. फुलवाले अजून आहेत.

तेव्हा बाजाराला शिव्या घालणं सोडून जरा कामाच्या रजिस्टरकडे बघू. भारतातून बघणाऱ्याला वाटतं की ‘फेडरल हॉलिडे’ म्हणजे आपल्याकडच्या २६ जानेवारीसारखं काहीतरी असणार, सगळं बंद. तसं नाही. संसद जाहीर करते ती सुट्टी तिच्या स्वतःच्या नोकरांसाठी. पहिला कायदा १८७० चा, तोही राजधानीतल्या सरकारी नोकरांपुरता. आज अशा ११ सुट्ट्या आहेत. त्या दिवशी टपाल येत नाही, बँका बंद असतात, सरकारी कचेऱ्यांना कुलूप असतं. राज्यं आपापली यादी ठरवतात. खाजगी मालकाला मात्र यातली एकही सुट्टी द्यायचं केंद्रीय बंधन नाही. किमान वेतन आणि आठवड्याला ४० तासांवर ओव्हरटाइम देणारा १९३८ चा कायदा आजही कामगारांचा मुख्य आधार आहे, आणि सणाच्या पगारी रजेबद्दल तो चकार शब्द काढत नाही. सणाच्या दिवशी काम केल्याचे जादा पैसे द्यावेत असंही तो म्हणत नाही. जे मिळतं ते मालकाच्या मर्जीने किंवा युनियनच्या कराराने.

खाजगी नोकरांतल्या साधारण पाचातल्या चौघांना काही ना काही पगारी सुट्ट्या मिळतात. ऐकायला बरं वाटतं. राहिलेला पाचवा कोण ते पाहिलं की बरं वाटेनासं होतं: हॉटेलात ताटं उचलणारा, दुकानात माल लावणारी, अर्धवेळ काम करणारे, म्हातारीला आंघोळ घालायला घरी येणारी बाई. आठवड्याच्या हिशोबावर घर चालवणाऱ्या या माणसाला गुरुवार बुडला तर भाड्याला खड्डा पडतो, आणि गुरुवारी काम केलं तर सण बुडतो.

थँक्सगिव्हिंगचा दिवस आमच्याकडे कसा जातो ते सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. आम्ही चार-पाच मराठी घरं एकत्र जमतो. टर्की मुलांच्या हट्टाखातर. इथे वाढलेल्या मुलांना ती नसली की सण झाल्यासारखा वाटत नाही. पंधरा पौंडाचा बर्फाचा धोंडा सोमवारीच फ्रीजमध्ये खाली आणून ठेवावा लागतो, नाहीतर गुरुवारी सकाळी तो आतून गोठलेलाच निघतो आणि मग घरातले पुरुष त्याला सिंकमध्ये थंड पाण्यात बुडवून त्याभोवती सल्लामसलत करत उभे राहतात. भट्टीत चार तास. छातीत खोचलेलं प्लॅस्टिकचं बटण वर आलं की शिजली. बाजूला छोले, पुलाव, कुणीतरी केलेलं मटण, क्रॅनबेरीचं मोहरी-हिंगाची फोडणी दिलेलं लोणचं (हे लोणचं टर्कीपेक्षा कितीतरी सरस, हे माझं मत लिहून ठेवा), आणि दुपारपासून टीव्हीवर डेट्रॉइट लायन्सचा सामना. हा संघ १९३४ पासून या दिवशी खेळतो आणि आमच्यातला एक जण दरवर्षी त्यांच्या हरण्यावर पैज लावतो.

एका वर्षी ऐन वेळी ॲल्युमिनियमची फॉइल संपली. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान उघडं असतं म्हणून मी धावत गेले. काउंटरवर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, डोक्यावर कागदी टर्कीची टोपी. ती दुकानानेच घालायला दिलेली. फॉइल स्कॅन करताना मी सहज विचारलं, आज दीडपट मिळत असतील ना? ती म्हणाली, नव्वद दिवस पूर्ण झाल्यावर मिळतात, माझे अजून व्हायचेत. दोन ते दहाची पाळी. नव्यांनाच सणाची पाळी लागते, ठरलेलंच आहे. आई ताट झाकून ठेवेल, म्हणाली, आणि मागच्या माणसाचं सामान ओढून घेतलं. त्याच्या हातात बॅटरीचे सेल होते. मागे आणखी चार माणसं होती. त्यातलं कुणीच अडलेलं नव्हतं. फॉइलवाचून माझंही काही अडलं नसतं, ताटानेही टर्की झाकता आली असती.

दुकानं उघडी असतात कारण गिऱ्हाईक येतं, हे खरं आहे. पण गिऱ्हाईक येतं कारण दुकान उघडं असतं, हेही तितकंच खरं. गेल्या वीस वर्षांत हे चक्र डोळ्यांसमोर फिरलं. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवसाच्या, शुक्रवारच्या सेलच्या रांगा आधी पहाटे लागत. गुरुवारच्या वर्तमानपत्राचा जाहिरातींनी फुगलेला गठ्ठा जेवणानंतर जमिनीवर पसरायचा, कुणी कुठल्या दुकानात जायचं याची वाटणी व्हायची, लोक घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन अंधारात निघायचे. २००८ साली लाँग आयलंडवरच्या व्हॅली स्ट्रीममध्ये वॉलमार्टचं दार उघडण्याच्या वेळी गर्दीने ते दारच मोडलं आणि एक हंगामी कामगार चेंगरून मेला. एवढं होऊनही उघडण्याच्या वेळा अलीकडे सरकतच राहिल्या. २०११ मध्ये मोठी दुकानं मध्यरात्री उघडू लागली, २०१२ मध्ये गुरुवारी रात्री आठला, मग सहाला. म्हणजे जेवण सोडून कामगाराने चारला घराबाहेर पडायचं. एका दुकानाने उघडलं की समोरच्याला बंद ठेवणं परवडत नाही. कामगारांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. वेळा काही हलल्या नाहीत.

मग २०२० आलं. करोनामुळे वॉलमार्ट, टार्गेट यांनी गुरुवारी बंद ठेवायचं ठरवलं, आणि टार्गेटने पुढच्या वर्षी ते कायमचं केलं. कौतुकाचे अग्रलेख आले. माझ्या मते कौतुकाचं कारण नव्हतं. तोवर खरेदी फोनवर गेली होती आणि रिकाम्या दुकानाचे दिवे जाळण्यात काही हशील राहिलं नव्हतं. जे मालकाच्या सोयीने मिळालं ते मालकाच्या सोयीने जाऊही शकतं. शिवाय काम संपलं नाही, फक्त आमच्या नजरेआड गेलं. जेवणाच्या टेबलाशी बसून बोटाने मागवलेली वस्तू शहराबाहेरच्या गोदामात कुणीतरी उचलतं, आणि या हंगामात तिथे सक्तीचा ओव्हरटाइम असतो. टोपी घातलेली ती मुलगी निदान दिसत तरी होती.

कायद्याने हे होऊ शकतं का? होतं आहे, तेही अशा ठिकाणी की इतिहास वाचणाऱ्याला हसू यावं. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं राज्य होतं तेव्हा, १६५९ साली, त्यांनी ख्रिसमस साजरा करण्यावर बंदी घातली. बायबलात आधार नाही, दारू पिऊन धिंगाणा होतो, म्हणून ख्रिसमसला काम बंद ठेवणाऱ्याला पाच शिलिंग दंड. ही बंदी १६८१ पर्यंत टिकली. याच लोकांनी रविवार पाळण्याचे कडक नियम केले, आणि त्या नियमांच्या वंशावळीतले कायदे आजही राज्याच्या पुस्तकात आहेत. त्यांच्या जोरावर आज मॅसॅच्युसेट्समध्ये थँक्सगिव्हिंगला आणि ख्रिसमसला बहुतेक मोठी दुकानं आणि सुपरमार्केटं उघडताच येत नाहीत. दुसऱ्या काही सुट्ट्यांना दुकान उघडता येतं, पण तिथल्या कामगाराला यायची सक्ती करता येत नाही. शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये आणि मेनमध्येही थोड्याफार फरकाने असंच. ज्यांनी ख्रिसमसच्या सुट्टीला दंड ठोकला त्यांच्याच कायद्याच्या सावलीत आज कामगार ख्रिसमसला घरी जेवतो. बॉस्टनमधलं कुणी त्या दिवशी सुपरमार्केट बंद म्हणून उपाशी मेल्याचं ऐकिवात नाही.

न्यू जर्सीकरांना याहून जवळचं उदाहरण आहे. आमच्या बर्गन काउंटीत रविवारी कपडे, फर्निचर, घरगुती उपकरणं विकता येत नाहीत. पॅरामस गावात तर नियम आणखी कडक. गार्डन स्टेट प्लाझा हा अवाढव्य मॉल रविवारी जवळजवळ सुनसान असतो. चालू असतात ती खाण्याची ठिकाणं आणि सिनेमा. १९९३ मध्ये हा नियम उठवायचा का यावर मतदान झालं आणि लोकांनी तो ठेवला. देवभक्तीने नव्हे, आठवड्यातून एक दिवस तरी हमरस्त्यावर गाडी सुरळीत चालावी म्हणून. आणि तरीही पॅरामसची गणना देशातल्या सर्वांत जास्त उलाढालीच्या खरेदीगावांत होते. सहा दिवसांत लोक सात दिवसांची खरेदी करतात, एवढंच.

अशा कायद्यांना धर्माचा वास येतो हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. १९६१ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात गेला. मेरीलँडमधल्या एका मोठ्या दुकानातल्या कामगारांवर रविवारी माल विकल्याचा खटला झाला होता. माल काय, तर कागद अडकवायची फाइल, फरशीचं मेण, स्टेपलर आणि खेळण्यातली पाणबुडी. दंड झाला तो कामगारांना, हेही लक्षात ठेवण्यासारखं. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी कायदा टिकवला: मूळ धार्मिक असलं तरी आता हेतू सर्वांना एकत्र विश्रांतीचा दिवस मिळावा असा आहे. त्याच दिवशी न्यायालयाने फिलाडेल्फियातल्या सनातनी ज्यू दुकानदारांची तक्रारही फेटाळली. ते शनिवारी धर्मासाठी बंद ठेवत, आणि कायदा त्यांना रविवारीही बंद ठेवायला लावत होता. आठवड्याला दोन दिवस धंदा बुडाला. न्यायालय म्हणालं, तो तुमचा भार. मला यातला पहिला निकाल पटतो आणि दुसरा पटत नाही. एकत्र विश्रांतीला किंमत आहे, कारण जेवायला सगळं घर एकाच वेळी मोकळं असावं लागतं. पण तो एकत्र दिवस नेहमी ख्रिस्ती कॅलेंडरातूनच का निघावा?

इथे आपला, म्हणजे भारतीयांचा, संबंध येतो. दवाखान्यात ख्रिसमसची ड्युटी ज्यू, हिंदू, मुसलमान डॉक्टर आनंदाने घेतात आणि बदल्यात आपल्या सणाला सुट्टी मागतात, ही इथली जुनी रीत आहे. ज्याच्याकडे डॉक्टरची पदवी आहे त्याला असा सौदा जमतो. काउंटरवरच्या मुलीला जमत नाही. आमच्या मंडळाची दिवाळी तर हायस्कूलचं सभागृह ज्या शनिवारी मिळेल त्या शनिवारी होते. कधी वसुबारसेच्या आधी, कधी तुळशीच्या लग्नानंतर. गणपतीही शनिवार बघूनच बसतो नि उठतो. आम्ही हे इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की यात काही मागण्यासारखं आहे असं वाटेनासं झालं.

आता मागणी होते, पण ती शाळेची. न्यू यॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून बरीच वर्षं खटपट झाली, २०२३ च्या नोव्हेंबरात राज्याचा कायदा झाला आणि २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला शाळा बंद राहिल्या. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये दिवाळीला अधिकृत मान्यता दिली. तिच्यात कुठलीही शाळा वा कचेरी बंद ठेवायचं बंधन नाही. टपाल खात्याचं दिवाळीचं तिकीट २०१६ मध्येच निघालं. या सगळ्याचा मलाही आनंद झाला. पण क्वीन्समध्ये टॅक्सी चालवणाऱ्या किंवा किराणा दुकानात बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या घरी काय झालं? पोराला सुट्टी, बापाला नाही. वर त्या दिवशी पोराला कुठे ठेवायचं हा नवा प्रश्न. सन्मान मिळाला तो दिवाळीला. दिवाळी करणाऱ्या माणसाच्या पदरात काही पडलं नाही.

ही फक्त आपली गोष्ट नाही. जूनटीन्थचं बघा. १९ जून १८६५ रोजी टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन बंदरात जनरल ग्रेंजर यांनी गुलामगिरी संपल्याचा हुकूम वाचला, लिंकनच्या जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी. काळ्या समाजाने दीडशे वर्षं जपलेला हा दिवस २०२१ मध्ये फेडरल सुट्टी झाला. माणसाला फुकट राबवून घेणं संपलं, त्याचा हा सण. आणि त्या दिवशी कितीतरी काळ्या बायका वसाहतीतल्या वृद्धांना भरवायला, हॉटेलच्या चादरी बदलायला नेहमीच्या दराने कामावर असतात. लेबर डेची तऱ्हा तीच. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी त्या कायद्यावर २८ जून १८९४ ला सही केली आणि काही दिवसांतच पुलमन या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीतला संप मोडायला फौज पाठवली. शिकागोच्या आठ तासांच्या लढ्यातून जगाने १ मे उचलला, महाराष्ट्र तर त्याच दिवशी जन्मला. शिकागोच्या देशाने मात्र सप्टेंबरातला सोमवार घेतला, आणि तो सोमवार आता गाद्यांच्या सेलसाठी प्रसिद्ध आहे. गाद्या विकायला कामगार लागतात.

माझा प्रस्ताव फार क्रांतिकारक नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात प्रत्येक कामगाराला वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. मूळ कायद्यात दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला हा भार नव्हता. घरकामाच्या बायका त्याच्या बाहेर आहेत, आणि पुण्या-मुंबईतले डिलिव्हरीवाले पाडव्याला कुठे असतात ते मला कुणी सांगायला नको. अंमलबजावणीच्या नावाने बोटं मोडावीत तेवढी थोडी. पण मांडणी शहाणपणाची आहे. काही दिवस सगळ्यांचे म्हणून एकत्र, काही दिवस ज्याचे त्याचे. फिलाडेल्फियाच्या ज्यू दुकानदाराला जे मिळालं नाही ते या चार मोकळ्या दिवसांत बसतं. एखाद्याला ईद हवी, कुणाला चिनी नवं वर्ष, कुणाला लक्ष्मीपूजन, कुणाला काहीच नको आणि नुसतं झोपायचंय.

लोकांना सणाचं काम हवंच असतं, पैसे जास्त मिळतात, असं माझे अर्थशास्त्र शिकवणारे एक मित्र म्हणतात. ज्यांना हवं त्यांनी करावं की. पण मग दुप्पट पैसे कायद्याने मिळू देत आणि नाही म्हणणाऱ्याची पाळी पुढच्या महिन्यात कापली जाणार नाही याची हमीही कायद्याने मिळू दे. तेव्हा किती जणांना हवं असतं ते बघू. दवाखाना, अग्निशमन, वीज, बस चालूच राहणार, त्याबद्दल वाद नाही. छोट्या दुकानदाराची ओढाताण होईल हे मात्र मी मान्य करते, आणि म्हणून दहा माणसांची रेघ मला योग्य वाटते. मोटेल चालवणाऱ्या आपल्याच लोकांना ती रेघ आणखी वर हवी असेल. त्यावर बसून बोलता येईल.

हे वॉशिंग्टनमध्ये लवकर होईल अशी आशा मला नाही, पण राज्यांना कुणी अडवलेलं नाही. न्यू जर्सीने आजारपणाच्या पगारी रजेचा कायदा २०१८ मध्ये केलाच, तोही मोठ्या-छोट्या सगळ्या मालकांना लागू. तेव्हाही धंदे बुडतील म्हणत होते. दर दिवाळीला आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात ट्रेंटनहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून, कुणीतरी आमदार येतात, शाल घेतात, समई लावतात, नमस्ते म्हणतात, फोटो निघतात. शाळेच्या सुट्टीबद्दल त्यांना विचारणारे हात तेव्हा बरेच वर येतात. सभागृहाच्या मागे फराळाची ताटं भरणारी, त्या दिवसाचा रोज बुडवून किंवा रोजावर आलेली माणसं असतात. त्यांच्या सुट्टीबद्दल विचारायला अजून कुणाचा हात वर गेलेला मी पाहिला नाही. यंदाच्या कार्यकारिणीत मी हा ठराव मांडणार आहे. अध्यक्षीणबाईंचं म्हणणं आहे की मंडळाने राजकारणात पडू नये. आमदारांच्या हातात समई देताना आपण कशात पडलो होतो, ते मी त्यांना विचारणार आहे.